दुसरं आहे ना!

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला माहीत आहे, पण निदान चहाचा घोट गिळून मग हसा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा बाहेर आला आणि सासूबाईंच्या नव्या सोफ्यावर डाग पडला. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं!

तर मी साखर कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात आहे. आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, राहात्याकडून पुणतांब्याकडे निघालं की उसाच्या मळ्यांमधून एक धुराडं दिसतं ना, तसल्याच एका धुराड्याखाली. कारखान्याचं नाव घेत नाही. माती मी खाल्ली, कारखान्याने नाही.

मी जन्मलो तोही याच कारखान्याच्या कॉलनीत. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. सगळी नोकरी लोखंड कातायच्या एका लेथवर काढली त्यांनी. मिलचा एखादा शाफ्ट झिजला, पंपाचा बुश गेला, की सगळे अण्णांकडे धावायचे. घरी आले की कपड्यांना तेलाचा आणि मळीचा वास. तो वास मला अजून कुठे आला तर मी थांबतो. परवा एका गॅरेजसमोर उगाच उभा राहिलो होतो, तर गॅरेजवाला विचारायला लागला, काय पंक्चर आहे का म्हणून.

आता अण्णा रिटायर झालेत. आणि रिटायर झाल्यापासून त्यांना एकच कोडं पडलंय. त्यांचा मुलगा कारखान्यात नक्की करतो काय?

"संत्या, तुजं काम काय ते मला एकदा समजून सांग," ते जेवताना विचारायचे. "काई फिरतं का त्यात?"

"नाही अण्णा."

"आवाज येतो का?"

"पंख्याचा येतो थोडा."

"पंख्याचा आमच्या घरात बी येतो. हाताला तेल लागतं का?"

"नाही."

"मंग पगार कशाचा घेतो रं तू?"

आई हसायची, बायको पदर तोंडाला लावायची, आणि मी भाजी वाढून घ्यायचो. वरवर मीही हसायचो; पण खरं सांगू का? लागायचं मला ते. अण्णांनी एकदा माझ्या मशिनीसमोर उभं राहावं आणि लेथकडे बघायचे तसं तिच्याकडे बघावं, एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेपायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

आता माझं मशीन काय करतं, ते तुम्हालाही सांगायला हवं. घाबरू नका, सोपं आहे. सकाळी कारखान्यातला कुठलाही कॉम्प्युटर उठला की आधी ओरडतो, "मी आलोय! माझा पत्ता काय?" आणि एक मशीन, ज्याला सर्व्हर म्हणतात, ते त्याला पत्ता देतं. हा घे, एवढे तास वापर, मुदत संपली की परत माग. पत्ता मिळाला तर कॉम्प्युटर कामाला लागतो. नाही मिळाला तर दिवे चालू, पडदा चालू, पण तोंडातून शब्द नाही. नवरदेव रुसून बसावा तसा बसतो.

अजून नाही कळलं? कॉलनीतल्या माणसाला लगेच कळेल. आमच्या लहानपणी हंगाम सुरू झाला की बाहेरगावचे हंगामी कामगार ट्रंका आणि वळकट्या घेऊन यायचे. त्यांना चाळीतल्या खोल्या द्यायला ऑफिसात एक कारकून होते. आम्ही पोरं त्यांना तात्या म्हणायचो. तात्या नंबर सांगणार, किल्ली देणार. खोली हंगामापुरती. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की किल्ली परत.

एका वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर तात्या मेव्हणीच्या लग्नाला गेले. झालं! खोल्या रिकाम्या, आणि माणसं ट्रंकांवर बसलेली. आईने आणि शेजारणींनी पिठलं-भाकरी करून सगळ्यांना जेवायला घातलं. आम्हा पोरांची तर जत्रा होती! बीडकडची पोरं, नांदगावकडची पोरं, रात्र होईपर्यंत लपाछपी. मला अजून वाटतं, तात्यांनी दर वर्षी लग्नाला जायला हवं होतं.

पुढच्या वर्षी कारखान्याने दोन कारकून नेमले. एक गेला तर दुसरा आहे! पण दोघांना वाटायला खोल्या त्याच दिल्या. मग दोघांनी एकच खोली दोन वेगळ्या बिऱ्हाडांना देऊन टाकली. एका खोलीत दोन चुली पेटल्या आणि पुढे जे काही पेटलं ते विझवायला वॉचमन बोलवावे लागले. मग कुणीतरी शहाण्याने अर्ध्या खोल्या एकाकडे आणि अर्ध्या दुसऱ्याकडे दिल्या, तेव्हा कुठे शांतता झाली.

माझ्या कामाचं सगळं शिक्षण हे एवढंच आहे. बाकी डिग्री वगैरे भिंतीला शोभा.

कारण मागच्याच्या मागच्या हंगामात माझा एकुलता एक तात्या, म्हणजे पत्ते वाटणारा सर्व्हर, भर गाळपात जळला. उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावरचे कॉम्प्युटर मुके झाले. ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्यावर गेली. आमचे एमडी साहेब स्वतः चालत माझ्या केबिनपर्यंत आले आणि म्हणाले, "संतोषराव, एकाच खुंटीला सगळा संसार टांगलात होय?"

मग मी दोन सर्व्हर बसवले. एक माझ्या ऑफिसशेजारच्या खोलीत, दुसरा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, काट्याच्या केबिनमध्ये. अर्धे पत्ते याच्याकडे, अर्धे त्याच्याकडे. दोन चुली एका खोलीत पेटायला नकोत! साहेबांना करून दाखवलं. हा बंद केला, तरी काम चालू. हा चालू केला, तो बंद केला, तरी काम चालू. साहेबांनी पाठ थोपटली.

आणि इथे माझं डोकं फिरलं. म्हणजे हवा गेली हो डोक्यात! कॅंटीनमध्ये, लग्नात, दशक्रियेला, जिथे चार माणसं दिसतील तिथे माझं सुरू. "एक पडलं तर काय? दुसरं आहे ना!" घरात तर हा तोंडी लावायचा शब्दच झाला. बायको म्हणाली, दूध उतू गेलं. "दुसरं आहे ना!" गाडीची किल्ली हरवली. "दुसरी आहे ना!" शेवटी एकदा ती शांतपणे म्हणाली, "हे वाक्य माझ्या बाबतीत बोलून बघा." तेवढा एक दिवस मी गप्प बसलो.

अण्णांना मात्र कौतुक नाही. "दोन कशाला? वर्कशॉपात लेथ एकच हुता. कधी पडला न्हाई."

"अण्णा, पण पडला असता तर?"

"पडू दिला तर पडतो. आन दोन आसले की दोन्हीकडं कोन बघत न्हाई. भागीचं घोडं किवनानं मरतं, आईकलं न्हाईस का?"

ऐकलं होतं. पण ते घोड्याबद्दल आहे असं मला वाटलं.

मग आली खंडेनवमी.

तुमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय करतात मला माहीत नाही, पण कारखान्यात वाढलेल्या पोराला दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. हत्यारांची आणि यंत्रांची पूजा! आदल्या दिवशी अण्णा लेथ पुसायला लागायचे. रॉकेलने धुवायचा, चिंध्यांनी पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. सकाळी मी त्यांचं बोट धरून वर्कशॉपात जायचो. एरवी तिथे कानठळ्या बसायच्या. त्या दिवशी सगळं बंद. इतकं शांत की पत्र्याखालच्या चिमण्या ऐकू यायच्या. त्या रोजच ओरडत असणार बिचाऱ्या, पण आम्हाला वर्षातून एकदाच कळायचं.

लेथला झेंडूची माळ. मायक्रोमीटरच्या लाकडी पेटीला कुंकू. अण्णा मला उचलून घ्यायचे आणि माझ्या बोटाने लेथला हळद-कुंकू लावून घ्यायचे. "पाया पड. ह्येच्यावर आपली भाकर हाय." मग पेढा आणि चिवडा. चिवड्याला तेल कुठलं जास्त लागलंय, फोडणीचं की मशिनीचं, ते सांगता यायचं नाही. पण तसा चिवडा मी नंतर कुठेच खाल्ला नाही, शपथ.

आणि अण्णांचा एक नियम होता. चालत्या यंत्राची पूजा करायची नाही. "दमलेल्या मान्साला उभ्या उभ्या जेवाया घालतो का आपन? आज त्येला बसवायचं. उद्या दसऱ्याला उठवायचं." एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या यंत्राला हात नाही. मॅनेजरने सांगितलं तरी नाही.

तर त्या खंडेनवमीला मी अण्णांना म्हणालो, "चला माझ्या ऑफिसात. माझ्या मशीनची पूजा तुम्ही करा."

ठेवणीतलं धोतर निघालं, तेव्हाच मी समजलो.

सकाळी ऑफिसशेजारच्या त्या खोलीत गेलो. तिथे हिशेबाचं मोठं मशीन आहे, ते बंद करायची परवानगी नाही. त्याला लांबूनच फूल वाहिलं. मग माझ्या सर्व्हरसमोर उभे राहिलो. अण्णांनी वाकून बघितलं. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"चालू हाय का ह्ये?"

"आहे. पण अण्णा, तुमचाच नियम. चालत्या यंत्राची पूजा नाही." आणि मी तो बंद केला. ऐटीत! लुकलुक थांबली.

अण्णा दचकले. "आरं, मंग कारखान्याचं काम?"

"दुसरं आहे ना!"

पहिल्यांदाच, पहिल्यांदाच हो, अण्णांनी माझ्याकडे जरा मानाने बघितलं. माळ घातली, कुंकू लावलं, नारळ ठेवला, अक्षता वाहिल्या. मला वाटलं आता आपला जन्म सार्थकी लागला. मी पेढे वाटायला बाहेर पडलो आणि अण्णा जुन्या दोस्तांना भेटायला काट्याकडे गेले.

थोड्या वेळाने फोन वाजला. काट्यावरचा भानुदास. हा भानुदास साधा, कष्टाळू, विचारल्याशिवाय पंखासुद्धा लावत नाही.

"साहेब, अण्णा आल्यात काट्यावर. म्हनत्यात, ह्ये मशीन आज बी चालूच कसं? ह्येची बी पूजा करायची. बंद करू का?"

माझ्या एका हातात पेढ्याचा बॉक्स, तोंडात पेढा, समोर अकाउंटच्या मॅडम मशीनचं कौतुक ऐकत उभ्या. मी काय म्हणालो असेन?

"अरे कर की बिनधास्त! त्यात विचारायचं काय? दुसरं आहे ना!"

हां, आता तुमच्या लक्षात आलं. माझ्या नाही आलं. गप्प बसा आणि चहा प्या.

त्या दिवशी दुपारी सभासदांची साखर वाटायची होती. दसरा-दिवाळीची सवलतीची साखर. अंगठा लावायचा, चिठ्ठी घ्यायची, गोदामातून साखर न्यायची. दुसऱ्या दिवशी दसरा, घरोघरी गोडाचं करायचं, म्हणून आसपासच्या गावांतून बाया-बाप्ये पिशव्या घेऊन जेवण उरकून आलेले. आमची आईसुद्धा पिशवी घेऊन रांगेत.

पूजा उरकून दुपारी कॉम्प्युटर चालू केले. सगळ्यांनी एका सुरात हाक दिली असणार, माझा पत्ता काय? उत्तर द्यायला कोण होतं! आदल्या संध्याकाळच्या पत्त्यांची मुदत केव्हाच संपलेली. अंगठा लावला की मशीन नुसतं बघत राहायचं. एक कॉम्प्युटर नाही, दोन नाही. सगळे मुके.

मला बोलावलं. मी आधी माझा कॉम्प्युटर बघितला. तो तर झकास चालू! कारण सांगू? माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता मी कायमचा लिहून ठेवलेला आहे. गावच्या पाटलाने रेशनच्या रांगेत कशाला उभं राहायचं? त्यामुळे मी ठणकावून सांगितलं, "माझ्याकडे चालू आहे. दोष तुमच्याकडे आहे."

एमडी साहेब आले. "संतोषराव, ते पत्त्याचं तर काही नाही ना? मागच्यासारखं?"

"साहेब, ते सोडून काहीही बोला! तिथे दोन सर्व्हर आहेत."

एकच गोष्ट बघायची होती, आणि नेमकी तीच मी यादीतून काढून टाकली. मग सुरू झाली शोधमोहीम. भाऊसाहेब वायरमनला बोलावलं. आमच्या जिल्ह्यात माणूस जन्मतःच साहेब असतो. भाऊसाहेब, रावसाहेब, बाळासाहेब, पाळण्यातच नाव लागतं, हुद्दा नंतर बघू. तर भाऊसाहेब शिडी घेऊन आले.

मी वर बघितलं. हॉलभर झेंडूची तोरणं. खिळे ठोकून लावलेली. आणि त्याच भिंतीवरून आमच्या वायरी गेलेल्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सापडलं! खिळा वायरीत गेलाय! उतरवा सगळी तोरणं!"

"आज? सनाचं?" भाऊसाहेब शिडीवरच थबकले.

"उतरवा म्हणतो ना!"

झाली की ओरड! रांगेतल्या बायका खवळल्या. "सनाचं त्वरान काढतोय ह्यो! डोकं ठिकानावर हाय का?" कुणी म्हणालं, "कुनाचा हाय रं ह्यो?" आई रांगेत तोंड फिरवून उभी राहिली. माझी आई! पिशवी डोळ्यांसमोर धरून!

तोरणं उतरली. वायरी धडधाकट. मग मी उंदरांवर संशय घेतला. मग वीज खात्यावर. मग रस्त्याच्या कडेला परवा खोदकाम करणाऱ्या जेसीबीवर, जो पार दुसऱ्या गावात होता. भाऊसाहेब शिडी घेऊन माझ्यामागे, साहेब भाऊसाहेबांच्या मागे, आणि रांग तशीच. म्हातारी माणसं भिंतीला टेकून खाली बसली. लहानपणी ट्रंकांवर बसलेली ती माणसं आठवली. तेव्हा मजा वाटली होती, आज वाटेना.

रांगेत पुढेच पुणतांब्याकडच्या सगुणामावशी बसल्या होत्या. तोंडात दोन दात, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "लेकरा, नातीची माहेरपनाला पयली खेप हाय. सकाळच्याला श्रीखंड करायचंय. कवा व्हईल?"

"होईल मावशी, होईल."

"झालंय तरी काय तुज्या डबड्याला?"

आता गप्प बसायचं की नाही? पण मी त्यांना समजावत बसलो. चाळ, खोल्या, किल्ल्या, तात्या. "आणि मावशी, मी एकावर भिस्त ठेवलेली नाही. दोन कारकून बसवलेत. एक रजेवर गेला तर दुसरा आहे ना!"

सगुणामावशी खळखळून हसल्या. "आरं मंग आज सन हाय. दोगंबी गेलं आसतील की रजंवर!"

सगळी रांग हसली. मीही हसलो. मोठ्याने हसलो. आणि हसता हसता माझं तोंड उघडंच राहिलं. काट्यावरचा फोन आठवला. तोंडातला पेढा आठवला.

मी पळत सुटलो. या वयात, या पोटाने! मागून साहेब विचारतायत, "सापडलं का?" मी काय सांगू, सापडलं म्हणून, की हरवलं म्हणून?

खोलीचं दार ढकललं. माझा सर्व्हर झेंडूच्या माळेत शांत बसलेला. एकही दिवा नाही. समोर समईची ज्योत आणि समईसमोर खुर्ची टाकून अण्णा. काट्यावरून परत येऊन इथेच बसले होते, यंत्राला सोबत म्हणून.

"ये. काट्यावरच्याची बी केली पूजा. लई झकास झाली. दोघंबी निवांत हाईत बग."

"अण्णा, चालू करावं लागतंय."

अण्णांचा चेहरा बदलला. "आज?"

लहानपणापासून पाहिलेला नियम. मॅनेजर समोर उभा राहिला तरी अण्णांनी खंडेनवमीला लेथचं बटण दाबलं नव्हतं. आणि मी, ज्याने मोठ्या तोऱ्यात तोच नियम त्यांना ऐकवला, तो माळ काढायला आलो होतो. दारातून रांगेचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. दोन्ही बंद, सगळे कॉम्प्युटर मुके, साखर अडकली, आई रांगेत.

अण्णा बराच वेळ त्या मशीनकडे बघत राहिले.

"म्हंजी ह्ये एवढंसं बंद हाय म्हनून भाईर त्येवडी मानसं खोळंबली?"

"होय."

"रोज ह्येच चालवतं समदं?"

"होय अण्णा."

"आन ह्येला तू बघतो."

मी मान हलवली. ते खुर्चीतून उठले आणि सर्व्हरवर हात ठेवला. अगदी तसाच, लेथवर ठेवायचे तसा. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं तू नुसता खुर्चीत बसतो. यंत्र काय करतं ते बंद पडल्याबिगर कळतच न्हाई बग. लेथचं बी तसंच हुतं."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी जे ऐकायला तरसलो होतो, ते असं, स्वतःच्या हाताने सगळा कारखाना मुका करून ऐकायला मिळालं.

"पण अण्णा, नियम?"

"दमलेल्याला बसवतो, पर घरात पावनं उपाशी बसली तर त्योच उठतो की." त्यांनी ताटातल्या अक्षता उचलल्या, सर्व्हरवर टाकल्या, हात जोडून 'पुनरागमनाय च' म्हणाले आणि माळ अलगद काढून माझ्या हातात दिली. "झाली उत्तरपूजा. दाब बटन."

हिरवा दिवा लुकलुकला. थोड्या वेळात हॉलमधून चिठ्ठी छापल्याचा कर्रकर्र आवाज आला आणि त्यामागून बायकांचा कल्ला. अण्णांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "आवाज येतो की रं!"

दारात एमडी साहेब उभे. "काय होतं शेवटी?"

अण्णा पुढे झाले. "साहेब, चूक माजी हाय. काट्यावरचं मी बंद करायला लावलं."

"नाही साहेब," मी म्हणालो. "परवानगी मी दिली. आणि हे तर मी स्वतःच बंद केलं होतं."

साहेबांनी एकदा माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "संतोषराव, तुम्ही सगळ्याची जोडी केलीत. डोकं तेवढं एकच ठेवलंत."

त्याच दिवशी साहेबांनी फर्मान काढलं. यापुढे कुठलाही सर्व्हर बंद करायचा तर दोन माणसांना विचारायचं. एकटा संतोष नको. मग दुसरा कोण? तर भानुदासने आपणहून सुचवलं आणि सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलं: अण्णा. पगार नाही, हुद्दा नाही, पण अण्णांनी दुसऱ्याच दिवशी नवा चष्मा करून आणला.

आता हे कुठवर गेलंय बघा. परवाच्या खंडेनवमीला सकाळी घरी अण्णांचा फोन वाजला. अण्णा आंघोळीला गेलेले, म्हणून मी उचलला. भानुदास.

"अण्णा हाईत का?"

"अरे मी बोलतोय, संतोष. काय काम आहे?"

"पूजंसाठी काट्यावरचं मशीन बंद करायचं हुतं. इचारायचं हुतं."

"मग विचार की! मी आहे ना!"

"न्हाई साहेब, पयले अण्णा. तुमी दुसरे."

"अरे, पण अण्णा आंघोळीला गेलेत. पहिला नसला की दुसरा. त्यासाठीच तर असतो दुसरा!"



भानुदास म्हणाला, "नको साहेब. मी थांबतो की. आंघोळ उरकू द्या त्यांची."